ह्रांत दिंक तसं म्हणाले नव्हते

‘आर्मेनियन संपादक ह्रांत दिंक यांनी तुर्कांच्या रक्ताला विषारी म्हटलं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. हा मेसेज ज्यावर बेतलाय ती इस्तंबूलच्या ‘आगोस’ साप्ताहिकातली दिंक यांची लेखमाला त्यांच्याच समाजाला, जगभर विखुरलेल्या आर्मेनियनांना उद्देशून होती: तुर्कांविषयीचा धरून ठेवलेला राग हेच विष, त्यातून मोकळे व्हा. त्यावरून तुर्कस्तानात त्यांच्यावर ‘तुर्कत्वाचा अपमान’ केल्याचा खटला चालला; न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनाही लेखात असा अपमान आढळला नव्हता. तरी २००५मध्ये सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झालीच. २००७मध्ये त्यांची हत्या झाली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१०च्या निकालात लेखमालेचा हाच अर्थ मान्य केला. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.