तिन्ही रीडिंग १२.४

"सर, सीबीआर आलं!"

टीवायच्या प्रोजेक्टची मुलगी. सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, दरवेळी ब्युरेटवर तोच आकडा. गावातल्या विहिरीच्या पाण्याचा हार्डनेस (जडपणा) ईडीटीए या रसायनानं मोजत होती. वही सुबक, एक खाडाखोड नाही. तिन्ही रीडिंग १२.४ मिली. सही करायला पेन उघडलं आणि का कोण जाणे, म्हटलं, चल, माझ्यासमोर कर एकदा.

१२.१, १२.९, १२.५. पोरगी रडवेली झाली.

तिला काय बोलणार? एफवायपासून आम्हीच शिकवतो की उत्तर आधी, रीडिंग नंतर. जर्नल पूर्ण हवं, बस. मी स्वतः सीनियरच्या जर्नलवरून रीडिंगं उतरवून पास झालोय.

मग दोघं बसलो. एंड पॉइंटला, म्हणजे रंग पालटतो तिथं, स्वच्छ निळा येईचना, रंग जांभळ्यातच घुटमळत होता. शेवटी बफरची, म्हणजे पीएच १० वर धरून ठेवणाऱ्या द्रावणाची, बाटली हुंगली. बूच सैल, अमोनिया उडालेला, पीएच १० च्या खाली गेलेला. ताजा बफर केला: १२.६, १२.६, १२.७. ५० मिली पाणी आणि ०.०१ मोलर ईडीटीए धरून हार्डनेस लिटरला साधारण २५२ मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा २००; दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे आता ती गावात छातीठोक सांगू शकते.

यात माझा गेला एक तास. आणि गाइडकडे नेमका तोच नसतो. विषय व्हॉट्सअ‍ॅपवर वाटायचे, पुढची भेट थेट बाइंडिंगच्या वेळी. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, संशोधनाला १२ क्रेडिट. मुलाची पात्रता ठरली. गाइडनं किती वेळ द्यायचा, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून पदवीच्या मुलांसाठी 'नियस' हा संशोधनाचा उपक्रम चालतो. तिथं एकेक प्रोजेक्ट वर्ष-दोन वर्षं एका मार्गदर्शकाबरोबर मुरतो. आमच्याकडे ती सोय नाही, मान्य. पण बुधवारी ३ ते ४ मी लॅबमध्ये असतो, आणि येताना रिझल्ट नको, वही आणा म्हणतो. पान फाडायचं नाही. चुकलेल्या रीडिंगवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पोस्टरवर कुणाचं नाव कुठं, हे पहिल्याच बुधवारी ठरतं. (नंतर ठरवायला गेलं की पोराचं नाव हमखास शेवटी सरकतं. ते करणाऱ्यांनी इथं लाइक नाही केलं तरी चालेल.)

तिच्या वहीत ती तीन १२.४ अजून आहेत, रेघेखाली. शेजारी तिच्याच अक्षरात लिहिलंय: 'खरी नाहीत. बफर जुना.' मी सही तिथं केली.