कार्यअहवालात सभागृहच नाही

आमच्या आमदारांचा कार्यअहवाल नुकताच घरोघरी वाटण्यात आला आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्यावर माझ्या डोक्यात अक्षरशः तिडीक गेली. गुळगुळीत जाड कागद, पानोपानी रंगीत छायाचित्रे, प्रत्येक छायाचित्रात नारळ किंवा कुदळ किंवा फीत, आणि या साऱ्याच्या मध्यभागी ‘कार्यसम्राट’. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, सभामंडप, ओपन जिम, हळदीकुंकू, दहीहंडी, वाढदिवसानिमित्त रक्तदान शिबिर, सगळे काही त्यात आहे. ज्या कामासाठी आम्ही या गृहस्थांना मत दिले, ते कायदे करण्याचे काम मात्र एवढ्या पानांत कोठेही सापडत नाही.

अहवालाच्या काळात विधिमंडळात काही घडलेच नसते, तर गोष्ट वेगळी होती. २०२५ च्या एप्रिल महिन्यात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय निघाला, १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत पालक आणि शिक्षक विचारून विचारून थकले, पण आमदारांनी अवाक्षर काढले नाही. निर्णय रद्द झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मात्र चौकात ‘जनभावनेचा विजय’ असा फलक झळकला आणि त्यावर यांचा हात जोडलेला फोटो होता. निर्णय लागू होताना तोंडाला कुलूप लावून बसायचे आणि तो मागे घेतला गेला की मिरवणुकीच्या पुढे चालायचे, या प्रकाराला आमच्या आमदारांच्या कार्यालयात ‘पाठपुरावा’ म्हणतात.

त्याच अधिवेशनात कडव्या डाव्या विचारांच्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेले विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले. हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले होते, लोकांकडून सूचना व हरकती मागवल्या गेल्या होत्या आणि त्या हजारोंच्या संख्येने आल्या होत्या. विधेयक चांगले की वाईट, याबद्दल माझे मत काहीही असो. माझा प्रतिनिधी त्या चर्चेत उभा राहिला का, समितीने केलेले बदल त्याने वाचले होते का, आणि त्याने नेमक्या कोणत्या कारणासाठी ‘होय’ म्हटले, एवढे विचारण्याचा मला हक्क आहे की नाही? संतापाची खरी गोष्ट अशी की हे मला अन्य कोठूनही कळू शकत नाही. विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, कोणी मतविभागणी, म्हणजे एकेकाचे मत मोजण्याची मागणी, केली नाही तर कोणत्या सदस्याने कसे मत दिले याची नोंदच राहत नाही, आणि २८८ जणांचा ‘होय’चा गलबला इतिवृत्तात एका ओळीत जिरून जातो. त्या दिवशी डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी विरोध केल्याचे कळले, कारण त्याची बातमी झाली. आमच्या आमदारांचे काय झाले हे सांगू शकणारा जगात एकच माणूस आहे, आणि त्याने अहवालाचे ते पान दहीहंडीतल्या थरांना देऊन टाकले आहे.

‘सभागृहात आवाज उठवला’ असे एक अर्धे पान आहे, ते वगळले तर माझ्यावर पक्षपाताचा आरोप होईल. त्यात एका तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचा उल्लेख मोठ्या ठळक अक्षरांत केला आहे. मी तो प्रश्न विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधून काढला, तेव्हा एकाच प्रश्नाखाली सदस्यांच्या नावांची भली मोठी रांग दिसली आणि आमच्या आमदारांचे नाव त्या रांगेच्या पार शेपटाला होते. उत्तरही ठरलेल्या साच्यातले: ‘हे अंशतः खरे आहे’, त्यानंतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्यावर उपप्रश्न विचारला की नाही, मंत्र्यांनी आश्वासन दिले का, दिले असल्यास त्याचे पुढे काय झाले, याबद्दल अहवालात एक ओळ नाही. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना नाही, औचित्याचा मुद्दा नाही, आमदाराने स्वतः मांडायच्या अशासकीय विधेयकाचे तर नावच काढू नये.

निधीच्या पानांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती पाने वाचताना रक्तदाब वाढतो. प्रत्येक कामापुढे ‘मंजूर’ लिहून कोटींचे आकडे दिले आहेत. प्रशासकीय मान्यता मिळाली, निविदा निघाली, कार्यारंभ आदेश दिला की पैसा प्रत्यक्ष वितरित झाला, यांपैकी आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे एकाही कामापुढे लिहिलेले नाही. पावसाळी अधिवेशनात ५७ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी थकीत देयकांसाठी राज्यभरातले कंत्राटदार आंदोलने करीत होते. अशा वेळी ‘मंजूर’ या शिक्क्यावर कोणी आणि का विश्वास ठेवायचा? आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात, तो पैसा करदात्यांचा असतो, आणि तरीही बसथांब्याच्या छपरावर यांचे नाव गावाच्या नावापेक्षा मोठे असते. (थांब्यावर बसचे वेळापत्रक नाही, हा तपशील अहवालात आलेला नाही.)

हे सारे विचारायचे तरी कोठे? मतदारसंघासाठी व्हॉट्सॲप गट आहे, पण त्यात संदेश पाठवण्याची मुभा फक्त आमदारांच्या माणसांना आहे. तेथे रोज सकाळी सुविचार येतो, सणावारी शुभेच्छा येतात, मंत्र्यांना निवेदन देतानाचे छायाचित्र येते, आणि निवेदनात काय लिहिले आहे ते वाचता येणार नाही अशा बेताने कागद धरलेला असतो. विधेयकाबद्दलचा प्रश्न मी शेवटी स्वीय सहाय्यकांकडे लेखी दिला. ‘साहेब अधिवेशनात व्यस्त आहेत’ असे उत्तर मिळाले. अधिवेशन संपल्यावर पुन्हा विचारले, तेव्हा साहेब अधिवेशनातील कामांचा अहवाल तयार करण्यात व्यस्त होते, आणि तो अहवाल म्हणजे हीच पुस्तिका.

पुढच्या अंकात वाढदिवसाची पाने गाळावीत आणि त्या जागी अधिवेशनात आलेल्या प्रत्येक विधेयकापुढे ‘बाजूने’, ‘विरोधात’ किंवा ‘गैरहजर’ एवढा एकच शब्द आणि त्याचे कारण छापावे. साध्या कागदावर, काळ्या शाईत, फोटोशिवाय छापले तरी चालेल.