पाणी नेमके कोणाच्या सूचीत?
पाणी हा निव्वळ राज्याचा विषय आहे, हे तुमच्याकडे छापून आलेल्या लेखातील विधान अर्धेच खरे आहे. केंद्र आणि राज्य यांच्यात विषय वाटून देणाऱ्या, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत 17व्या क्रमांकावर पाणी आहे खरे, पण ती नोंद संघसूचीतील (केंद्राच्या विषयांच्या यादीतील) 56व्या नोंदीच्या अधीन असून आंतरराज्य नद्यांचे नियमन संसदेला कायदा करून आपल्याकडे घेता येते. आम्हा मराठवाड्यातल्यांचे दुखणे मात्र वेगळे आहे: वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे हा वाद राज्याच्या आतला असल्याने तिथे राज्याराज्यांतले पाणीतंटे सोडवणाऱ्या आंतरराज्य लवादाचा उपयोग नाही, 2005च्या कायद्याने आलेल्या राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडेच जावे लागते. अकराव्या अनुसूचीत ‘पिण्याचे पाणी’ पंचायतींसाठी नोंदवले आहे (सोपवायचे की नाही, हे विधिमंडळाच्या मर्जीवर!), आणि मे महिन्यात टँकर हवा असला की आमच्या ग्रामपंचायतीचा ठराव वरच्या मंजुरीसाठी तालुक्याला जातो.