वरचं खाली, खालचं वर

राजेहो, गोव्याच्या लग्नाची ऑर्डर मिळाली म्हणता? अभिनंदन. पार्टीनं विमानाचं तिकीटही काढून दिलं, म्हणजे पंचक्रोशीत आता तुमच्यावर फोटोग्राफर नाही. मग तयारीला लागा. पहिलं काम, सगळ्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाका. पार तळाशी, बनियनच्या घडीत. जड सामान खाली, हलकं वर, ही एसटीच्या टपापासून चालत आलेली रीत. विमानानं जातो म्हणून काय रीत सोडायची?

विमानवाले म्हणतात, सुट्या लिथियम बॅटऱ्या काउंटरवर द्यायच्या सामानात चालत नाहीत, सोबतच्या बॅगेत ठेवा. म्हणू द्या. त्यांचं कारण असं की या बॅटरीत शॉर्टसर्किट झालं तर ती आतल्या आत तापत जाते, एक सेल दुसऱ्याला पेटवतो आणि विझवलेली पुन्हा भडकते. वर केबिनमध्ये धूर निघाला तर कोणी धावेल तरी. खाली सामानाच्या पोटात कोण पाहायला बसलं आहे? पण तुमची बॅटरी तशी नाही. तुमची बॅटरी गरीब आहे. सहा सीझन तिनं हळदीपासून बिदाईपर्यंत काम केलं, फुगली थोडी, पण कधी तक्रार केली नाही.

ती फुगलेली तर आवर्जून न्या. बॅटरीच्या तोंडाला टेप लावा, टोपण लावा, एकेक वेगळ्या पिशवीत ठेवा, असं सांगणारे सांगतील. तुम्ही सगळ्या एकाच पिशवीत घाला. सोबत किल्ल्या, चिल्लर आणि नवरीच्या मावशीनं मागच्या लग्नात ठेवायला दिलेल्या सेफ्टी पिना. धातूला धातू लागला की काय होतं, ते दहावीच्या विज्ञानात होतं, आणि दहावी होऊन जमाना झाला.

बॅटरीवर बारीक अक्षरात वॅट-अवर लिहिलेलं असतं, ते वाचू नका. कापसाच्या जिनिंगवर गाडी उभी करून, क्विंटलमागं घट किती धरली आणि हातात किती पडेल हे तोंडी सांगणारे आपण. पण ७.२ व्होल्टला २ ॲम्पिअर-अवरनं गुणायचं म्हटलं की डोकं दुखतं. गुणलं असतं तर कळलं असतं की कॅमेऱ्याची साधी बॅटरी १४ वॅट-अवरच्या आसपास असते आणि सोबत नेण्याची मर्यादा १०० आहे. म्हणजे भांडायचं काही कारणच नव्हतं! वीस हजार एमएएचची पॉवर बँकही ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ७४ वर थांबते. १०० ते १६० च्या मधली असली तर विमान कंपनीची परवानगी घेऊन दोन नेता येतात, त्याच्यावरची नाहीच. व्हिडिओ लाइटच्या मोठ्या बॅटऱ्या बनवणारे म्हणून तर ९५, ९८ असे आकडे धरून बनवतात. तुम्ही मात्र बाजारातली ती स्वस्तातली घ्या, जिचं लेबल पहिल्याच पावसात निघालं. आकडा वाचता आला नाही तर तपासणीचा जवान अडवू शकतो. त्याला सांगायचं, "छोटीच हाय साहेब."

बॅटऱ्या खाली गेल्या म्हणजे सोबतच्या बॅगेत जागा झाली. आता तिथं तिखट ठेवा. गोव्याला तुमचा साळा राहतो, त्याला तिथलं तिखट गोड लागतं, म्हणून घरून दीड किलो भिवापुरी मिरचीचं तिखट दिलं आहे. ते लेन्सच्या खणात बरोबर बसतं. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही, कोणाच्या डोळ्यांत फेकता येते म्हणून. मोठ्या बॅगेत तीच पूड निवांत गेली असती. म्हणजे पाहा, घरून निघताना दोन बॅगा होत्या, दोन वस्तू होत्या, आणि तुम्ही त्या अचूक उलट्या भरल्या. याला नुसतं नशीब लागत नाही, हात बसावा लागतो.

वजनाचं म्हणाल तर देशातल्या बहुतेक उड्डाणांत हातातल्या बॅगेला सात किलो. आता सात किलोत लग्न कसं बसवायचं, हे ज्यानं नियम केला त्यानं एकदा आमच्याकडं येऊन दाखवावं. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, पाऊण-पाऊण किलोच्या. ७०-२०० ची लेन्स एकटीच दीड किलो. २४-७० धरा, दोन फ्लॅश धरा, चार्जर, कार्ड, वायरी, लॅपटॉप. आणि बॅग? ती तर रिकामीच दोन किलो भरते, कारण तिच्यात जिकडंतिकडं फोम. इथं मी तुमच्या बाजूनं आहे. ज्याचं पोट त्या बॅगेत आहे त्याला "खाली टाका हो भाऊ" म्हणणं सोपं आहे. पट्ट्यावरून ती लेन्स कशी आपटत येते ते टाकायला सांगणाऱ्याला पाहावं लागत नाही.

पण यावर उपाय आहे. बाबांची जुनी बंडी काढा. शेतात पानपुडा, अडकित्ता आणि सातबाऱ्याचा उतारा ज्या खिशांत मावायचा, त्यात ७०-२०० आरामात जाते. दुसऱ्या खिशात फ्लॅश. काउंटरवर ताठ उभे राहा. जास्त ताठ राहू नका, एका बाजूनं झुकाल. वजन झालं की वळणावर जाऊन सगळं पुन्हा बॅगेत. हे सगळे करतात, दिल्ली-मुंबईचे मोठे मोठे फोटोग्राफरही करतात, फक्त त्यांच्या बंडीला ते जॅकेट म्हणतात आणि पाच हजार देतात. तेवढं झाल्यावर उरलेल्या खिशात सुपारी-तंबाखूचा खर्रा ठेवायला हरकत नाही. लेन्सच्या टोपणात ठेवला तर चुना काचेला लागतो, असा काही जणांचा अनुभव आहे.

आता सुरक्षा तपासणी. नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर पोचलात, रांगेत लागलात, समोर सीआयएसएफचा जवान. तो म्हणेल, कॅमेरा, लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर, सगळं बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळं ठेवा. काढू नका. एक्स-रेच्या पडद्यावर काचेवर काच, काचेवर बॅटरी, त्यावर वायरींचं जाळं असं एकावर एक दिसलं की त्याला काही कळत नाही. म्हणून तो बॅग बाजूला घेतो. म्हणजे जे तुम्ही घरून सुटं करून, एका पाऊचमध्ये घालून आणलं असतं तर अर्ध्या मिनिटात झालं असतं, ते आता तो स्वतः तुमच्यासमोर काढतो. तेवढीच तुमची मेहनत वाचली.

"ये क्या है?"

"लेन्स होय साहेब."

"और ये?"

"वो भी लेन्सच है. मोठीवाली."

"और ये लाल वाला?"

"वो तिखट है साहेब. घर का है."

यापुढं काय होतं ते सांगायला नको. दीड किलो भिवापुरी कचऱ्याच्या डब्यात जाते आणि साळ्याच्या नशिबी गोव्याचंच तिखट राहतं. मग जवान कॅमेरा हातात घेऊन म्हणू शकतो, चालू करून दाखवा. का नाही म्हणणार? चालू झाला तर कॅमेरा, नाही झाला तर नुसतं खोकं. तुम्ही बटण दाबता. कॅमेरा गप्प. कारण त्याच्या पोटातली बॅटरीसुद्धा तुम्ही बनियनच्या घडीत घालून खाली पाठवली आहे. तेवढ्यात माइकवर तुमचंच नाव पुकारलं जातं, आडनावाचा पार बट्ट्याबोळ करून. खालच्या एक्स-रेत तुमच्या बॅटऱ्या सापडल्या आहेत, येऊन बॅग उघडून द्या.

याच वेळी आमदार साहेबांच्या पीएला फोन लावा. "आपला मानूस आहे, बोला" म्हणत फोन जवानापुढं धरा. तो ओडिशाचा, नाहीतर हरियाणाचा. त्याला तुमचा तालुका माहीत नाही, आमदार तर नाहीच. त्याला जाब विचारणारे दिल्लीत आहेत. पण फोन लावला नाही तर गावात काय सांगाल?

क्वचित एखादा जवान कापडाचा तुकडा बॅगेवरून फिरवतो आणि यंत्रात घालतो. स्फोटकांचा अंश शोधायचं ते यंत्र. तुम्ही बॅग घरून बसस्टँडपर्यंत शेजाऱ्याच्या गाडीत, खताच्या पोत्यांवर ठेवून आणली असेल तर उत्तमच. नायट्रेटवाल्या खताची धूळ त्या यंत्राला फसवू शकते. यंत्र ओरडलं की घाबरू नका. "साहेब, दुसरा डोस द्यायचा होता पऱ्हाटीले," असं मराठीतच सांगा.

मेमरी कार्डासाठी भांडा, जोरात भांडा. "याच्यात दोन लग्नं हायेत, तुमच्या एक्स-रेनं पुसली गेली तर?" डिजिटल कार्डाला त्या एक्स-रेनं काही होत नाही, तरीही भांडा, मागची रांग तुमचं ऐकून शिकते. आणि आजोबांच्या जुन्या याशिका कॅमेऱ्यासाठी हौसेनं घेतलेले फिल्मचे रोल, ज्यांना खरोखर धोका आहे, ते बिनबोभाट मोठ्या बॅगेत टाकून द्या. खालच्या सामानाचा एक्स-रे जास्त जोराचा, फिल्मवर धुकं चढतं. वर नवी सीटी स्कॅनरं आली आहेत, त्यांत तर कमी आयएसओची, म्हणजे प्रकाशाला कमी नाजूक असलेली फिल्मही सुरक्षित नाही, म्हणून फिल्मवाले रोल पारदर्शक पिशवीत काढून हातानं तपासायची विनंती करतात. विनंती! आपण विनंती करणारी माणसं नाही.

ज्यांना नागपूर दूर पडतं, त्यांच्यासाठी अमरावतीचं बेलोरा विमानतळ आहे. १६ एप्रिल २०२५ ला उद्घाटन झालं आणि मुंबईचं विमान सुरू झालं. एटीआर, पंख्यांचं विमान. दर्यापूर-अचलपूरच्या माणसाला आपल्या दारात विमान आल्यासारखं वाटतं, आणि वाटलंच पाहिजे. फक्त त्या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान. तुमची फोमवाली बॅग तिथं बसली नाही तर शिडीजवळच टॅग लावून खाली घेतात. अशा वेळी शहाणा माणूस बॅटऱ्या आणि एक बॉडी झटकन काढून हातात घेतो. तुम्ही हातात मोबाइल घ्या, शिडीवर पाय ठेवतानाची रील राहिली आहे.

ड्रोनचं मी लिहिणार नव्हतो, पण तुम्ही तो नेणारच. भाच्यानं दुबईहून आणलेला, २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन आणायला बंदी असताना. ड्रोनला नोंदणीचा क्रमांक लागतो, विमानतळाच्या भोवतीचं आकाश सरकारच्या ड्रोन-नकाशात लाल रंगवलेलं असतं, म्हणजे परवानगीशिवाय उडवायचं नाही. तरी बॅगेतून काढून उडतो का ते तिथंच पार्किंगमध्ये पाहून घ्या. गोव्यात नाही उडाला तर पार्टी पैसे कापेल.

गोवा पार पडलं की पुढची ऑर्डर बँकॉकची येईल. देशाबाहेर जाताना महागडा कॅमेरा कस्टमला दाखवून कागद करून घेता येतो, म्हणजे परतताना हा तिकडूनच घेतला असं कोणी म्हणू शकत नाही. त्यासाठी लवकर पोचावं लागतं, नंबर लिहून द्यावे लागतात, आणि बिल दाखवावं लागतं. तो कागद करू नका. परत आल्यावर अधिकारी बॅग उघडायला लावील, दोन बॉडी आणि तीन लेन्सा टेबलावर मांडील आणि विचारील, "बिल आहे?" त्याला खरं ते सांगा. दुकानदारानं विचारलं होतं, बिल पाहिजे का, अठरा टक्के जीएसटी लागते. तुम्हीच म्हणाला होतात, "बिल कायले पाहिजे भाऊ, मले का कोनाले दाखवाचं हाय?"