एकच दिन शे ना!

यंदा तुमच्याकडे लग्न आहे म्हणे. मग मांडव, आचारी, आहेर, रुसवेफुगवे हे सगळं साडूवर टाका आणि तुम्ही तडक डीजेवाल्याकडे जा. तारीख निघाली की पहिला विसार त्याचा. भटजी ऐनवेळी मिळतो, घोडीही मिळते, पण वैशाखातल्या मोठ्या तिथीला चांगला डीजे मिळायचा नाही. मग पोरगं आयुष्यभर बोलून दाखवेल.

तिथं गेल्यावर 'आवाज किती येईल?' असं विचारू नका, हसतात. 'बेस किती?' असं विचारायचं. बेस म्हणजे त्या काळ्या पेट्या. त्यांतून गाणं ऐकू येत नाही, नुसतं छातीत लागतं. चार बेस म्हणजे घरातली हळद. आठ बेस म्हणजे भाऊबंदकीत नाव. त्यापुढे गेलात तर आयशर गाडी लागते, मागे जनरेटर लागतो आणि गल्लीतल्या लोंबत्या वायरी वर उचलायला बांबू घेतलेला एक पोरगा लागतो. त्याचे पैसे वेगळे. सगळ्या वरातीत जबाबदारीनं वागणारा माणूस तो एकच असतो, म्हणून द्यायला हरकत नाही.

आवाज नीट लागलाय की नाही, हे घरबसल्या कळतं. ओट्यावर तांब्याभर पाणी ठेवा. पाण्यावर वर्तुळं उठली तर सुरुवात बरी आहे. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणायला लागल्या की जमलं. गेल्या साली समोरच्या घरी हळद होती, तेव्हा आमच्या फळीवरचा हळदीचा डबा तीन गाण्यांत वीतभर पुढे सरकला. बायको खाली हात धरून उभी होती. चौथ्या गाण्याला तिनं नाक खाजवायला हात काढला आणि डबा आला खाली. त्यांच्याकडे नवरदेवाला हळद लागली, आमच्याकडे फरशीला. अजून पिवळी आहे.

आता कोणी तुम्हाला नियमांचा धाक दाखवेल. घाबरू नका, उलट नियम वाचून ठेवा, चारचौघांत बोलायला बरे पडतात. ध्वनिप्रदूषणाचे केंद्र सरकारचे नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी निघाले. (तारीख प्रेमाची, त्यामुळे कोणी गांभीर्यानं घेतले नसावेत.) राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. कारखान्यांच्या भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. ४५ डेसिबल म्हणजे किती, असं विचाराल तर आमच्या जळगावकडच्या मे महिन्यात घरातला कूलरच त्याच्या वर जातो. कूलर लावून झोपणारा खान्देशी माणूस तसा जन्माचा गुन्हेगार आहे. मग आठ बेसनं काय फरक पडतो?

गावातले जाणते लोक '७५ पर्यंत चालतं' असं छातीठोकपणे सांगतात. त्यांनी नियम वाचलेला असतो, पण अर्धाच. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाऊडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५, यांपैकी 'जे कमी असेल ते', असं ते वाक्य आहे. म्हणजे राहत्या वस्तीत दिवसाही ६५. पण वाक्याच्या शेवटापर्यंत जायला शांतता लागते आणि ती मिळत नाही म्हणून तर नियम करावा लागला.

मोजायचं म्हणाल तर तोही प्रयोग मी करून बसलोय. भाच्यानं मोबाईलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं होतं. कोर्टात चालत नाही, पण माझ्या समाधानापुरतं चालतं. एका वरातीत मी ते घेऊन गाडीजवळ गेलो. म्हटलं, आकडा दाखवला की पोरं वरमतील. डीजेवाल्या पोरानं वाकून बघितलं. १०४. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "एकशे चारच? थांबा आबा, आजून टॉप उघाडेल नही." आणि त्यानं टॉप उघडला, म्हणजे वरच्या चिरक्या आवाजाच्या पेट्या. दहा-बारा पोरं माझ्या मोबाईलभोवती जमली. १०६. १०८. कोणीतरी माझा हात धरून मोबाईल पेट्यांच्या आणखी जवळ नेला. ११० लागल्यावर टाळ्या, शिट्ट्या, एकानं माझ्या पायाला हात लावला. आता सहा डेसिबल वाढणं म्हणजे आवाजाची ताकद जवळपास चौपट होणं. डेसिबलची मोजणी चढत्या पटीनं चालते, बेरजेनं नाही. हे मी त्यांना सांगितलंही, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही. मला पण नाही. त्या रात्री डाव्या कानात जी शिट्टी सुरू झाली, ती तिसऱ्या दिवशी दुपारी थांबली. तेव्हापासून गल्लीतली पोरं मला बघितलं की विचारतात, आबा, आज मीटर नाही आणलं?

वरातीचा रस्ता नीट आखा. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. म्हणजे एरवी तिथं गोंगाट नसतो, आपलं वाजवणं उठून दिसतं. दवाखान्यासमोर वरात थांबवाच. नवरदेवाच्या मित्रांना घामावर घाम आलेला असतो, तिथं झाडं असतात, पाण्याची टाकी असते. वरच्या मजल्यावरचे पेशंटचे नातेवाईक खिडकीत येतात, तेवढंच त्यांचंही मन रमतं. बारावीची परीक्षा चालू असेल तर अभ्यासाला बसलेल्या पोरांनाही बोलवा नाचायला. नाहीतरी वाचलेलं डोक्यात शिरत नसतंच.

कोणी तक्रार केली तर? करतील. ११२ ला फोन लागतो, गाडीही येते. तक्रार करणाऱ्याची ओळख विचारू नका, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय. आमच्याकडे तो आदेश तंतोतंत पाळला गेला. कोणी काही ओळख विचारली नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी, बरोबर डीजेसमोर थांबली आणि आतून एवढंच विचारलं गेलं, "ते पिवळ्या गेटवाले आबा कुठे राहतात?" दोनशे माणसांनी एकदम माझ्या घराकडे बोट केलं. आवाज दहा मिनिटं कमी झाला. तेवढ्या वेळात त्यांना गाडीतच जिलबी दिली गेली. मलाही पाठवली, आपल्याकडे मन मोठं असतं.

अशा वेळी आमच्या अहिराणीतलं एक वाक्य पाठ ठेवा. पोलीस येवोत, शेजारी येवो, हार्टचा पेशंट येवो, हात जोडून म्हणायचं, "एकच दिन शे ना, जिभाऊ!" यापुढे कोणाचं काही चालत नाही. एका दिवसासाठी कोण वाईट होणार?

आता हळदीचा एक दिवस. लग्नाचा एक. वराती दोन, कारण दोन्हीकडच्या. जयंत्यांचे एकेक, आणि प्रत्येक जयंतीला पुढच्या गल्लीपेक्षा एक बेस जास्त. भाऊंचा वाढदिवस. भाऊंच्या विरोधकांचा वाढदिवस. निवडणूक जिंकल्याचा एक दिवस, फेरमोजणीत पुन्हा जिंकल्याचा आणखी एक. कोणी नवा जेसीबी घेतला, वाजवा. कोणी रिटायर झाला, वाजवा, बिचारा छत्तीस वर्षं ऑफिसात शांत बसला होता. मधल्या मोकळ्या दिवशी भंगारवाल्याचा भोंगा, घंटागाडीचं गाणं, फटाके फोडत जाणारी बुलेट आणि सावदा-रावेरकडून केळी भरून निघालेल्या ट्रकचा प्रेशर हॉर्न. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, अशी नियमात सोय आहे. वर्षाला पंधरा! आमच्या गल्लीत तेवढे 'एकच दिन' अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत संपतात.

कानबाईचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाचं, मात्र तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं नवख्या माणसाच्या हातून चुका होतात. नागपंचमीनंतरचा रविवार. सुरतेहून, पुण्याहून पोरं गाड्या भरून गावी येतात. सवाच्या मापानं गहू घेतात, रोट होतात, ते भाऊबंदांतच खायचे असतात. रात्री कानबाई बसते, जागर होतो, सोमवारी डोक्यावर घेऊन नदीवर जायचं. आमची मोठी आई होती तोवर जागराला आठ-दहा म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसायच्या आणि अहिराणी गाणी म्हणायच्या. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मधेच एखादीला डुलकी लागायची आणि तिची पाळी आली की झोपेतूनच बरोबर ओळीवर उठायची. रात्र सरायची, गाणी सरायची नाहीत.

या प्रकारात दोष भरपूर होते. एक तर त्याला बेस नव्हता. दुसऱ्या गल्लीला आपल्याकडे कानबाई बसलीय हे कळायचंच नाही. आता रविवारी संध्याकाळीच पेट्या लागतात. गेल्या श्रावणात आमच्याकडे उरलेल्या दोन म्हाताऱ्या सवयीनं भिंतीला टेकून बसल्या. एकीचे ओठ हलत होते. दुसरीनं तिच्या तोंडाजवळ कान नेला, थोडा वेळ धरला, मग मान हलवून पदर कानाला बांधला. पोरांनी त्यांचा फोटो काढून स्टेटसला टाकला, 'आमची परंपरा' म्हणून. फोटोत आवाज येत नाही, त्यामुळे फार सुंदर आलाय.

झोपेची काळजी करणारे दोन-चार लोक प्रत्येक गल्लीत निघतात. आमच्याकडे एक शेतकरी आहेत. पंपाची लाइट रात्रीची असते, म्हणून रात्रभर केळीला पाणी भरतात आणि दिवसा झोपायला बघतात. शेजारचे भाऊ भुसावळला लोको पायलट आहेत. रात्री मालगाडी घेऊन जातात, सकाळी आंघोळ करून खिडकीला चादर लावतात आणि पडतात. तुम्ही म्हणाल, गाडी चालवणाऱ्या माणसाची झोप व्हायला हवी. होईल की. एवढी मोठी लाइन आहे, सिग्नलला थांबतेच गाडी कुठे कुठे.

तर मी हे सगळं तुम्हाला अनुभवानं सांगतोय. गेल्या वैशाखात माझ्याच पोराचं लग्न झालं. मी 'बँड लावू' म्हटलं. क्लॅरिनेटवर पावरीची धून वाजवणारा चांगला माणूस होता ओळखीचा. पोरगं दोन दिवस जेवलं नाही. बायको म्हणाली, लोक म्हणतील आबांनी सगळ्यांच्या वराती बंद पाडल्या आणि आता पैसे वाचवतात. आठ बेस आले. गाडी वळेना, म्हणून ती लोको पायलट भाऊंच्या खिडकीखालीच लावावी लागली.

दुपारी एकला ते बाहेर आले. बनियनवर, डोळे तांबारलेले. माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी हात जोडले आणि म्हटलं, "एकच दिन शे ना, भाऊ!"

ते काहीच बोलले नाहीत. आत गेले, दार लावून घेतलं.

परवा त्यांच्या मुलीची हळद होती. भाऊ स्वतः बोलवायला आले, हाताला धरून घेऊन गेले. "आबा, तुमच्यासाठी खास जागा धरून ठेवलीय." पहिल्या रांगेत, पेटीपासून चार हातांवर, गादी घातलेली एकच खुर्ची होती. मी बसलो. पेट्या मोजल्या. नऊ होत्या.