‘वाटतंय’ म्हणून चालत नाही

आपल्याच मुलीच्या फोटोत आपलं नुसतं कोपर यावं आणि खाली ‘फ्यूचर डॉक्टर’ लिहून तो फोटो क्लासवाल्यांनी आपल्यालाच व्हॉट्सअॅपवर पाठवावा, याला काय म्हणायचं? पांढरा अ‍ॅप्रन त्यांचा, स्टेथोस्कोप त्यांचा, मागचा फ्लेक्स त्यांचा. मुलगी तेवढी माझी. तिची कॉलर नीट करायला मी पुढे झाले, तर फोटो काढणारा पोरगा म्हणाला, ‘‘मॅम, जरा साइडला. स्टुडंटवर फोकस पाहिजे.’’ मी सरकले. कोपर राहिलं.

झालं होतं इतकंच, की दहावीचा निकाल लागल्यावर एका रात्री जेवताना मुलगी म्हणाली, ‘‘मला मेडिकलचं वाटतंय.’’ त्याआधी तिला पुरातत्त्वाचं वाटत होतं. पंधराव्या वर्षी वाटावं तेवढंच तिला वाटत होतं. पण अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मला वाटण्याशी देणंघेणं नसतं. भाग दोनमध्ये कॉलेजं पसंतीक्रमाने टाकायची, आणि पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यायचाच. नाही घेतलात तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या ओळीवर घरात खल सुरू झाला आणि चाळता चाळता दोन नावं उरली. एक शहरातलं जुनं अनुदानित कॉलेज. दुसरं ‘इंटिग्रेटेड’. म्हणजे कॉलेज कागदोपत्री कुठल्याशा तालुक्याच्या गावी, आणि शिकवणी इथे शहरात, फर्निचरच्या शोरूमच्या वर तिसऱ्या मजल्यावर. तिथे ‘कौन्सेलिंग’ असतं. त्यासाठी मी हाफ डे टाकून गेले.

‘‘पहिलाच अटेम्प्ट?’’ शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारलं. मांडीवर निळी फाइल, तिला आडवं-उभं रबर.

कशाचा, ते मला कळेना. ‘‘पहिलीच मुलगी,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे घरात अनुभव शून्य.’’ ते मायेने माझ्याकडे वळून बसले. ‘‘साहेब नाही आले, वहिनी?’’

साहेब चाकणला फर्स्ट शिफ्टला होते. तसं सांगितल्यावर त्यांनी एक ‘अरेरे’ केलं.

‘‘आमचा थोरला रिपीटला आहे. लातूरला.’’ हे त्यांनी थोरला जर्मनीला असल्यासारखं सांगितलं. (रिपीट म्हणजे मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पुन्हा देणं.) ‘‘मिसेस पण तिकडेच. खोली घेतलीय. पाचला उठवायचं, डबा द्यायचा, रात्री अकराला दूध. पोराला एकटं ठेवलं की मोबाइल घेतो. मी इकडे.’’

‘‘तुमच्या जेवणाचे हाल होत असतील.’’

‘‘सीट मिळाली की जेवूच की.’’

मग त्यांनी माझ्या मुलीकडे मोर्चा वळवला. ‘‘व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट?’’

ती दचकली. छताकडे बघून म्हणाली, ‘‘झीरो पॉइंट झीरो वन सेंटीमीटर.’’

‘‘बरोबर आहे,’’ ते दुःखाने म्हणाले. ‘‘पण वेळ लागला. नीटला 180 प्रश्न, 180 मिनिटं. फिजिक्स 45, केमिस्ट्री 45, बायो 90. बायोचा प्रश्न अर्ध्या मिनिटात गेला, तरच फिजिक्सला दीड मिळतं. तू आत्ता वर बघितलंस ना? वर बघायचं नाही. वर काही नसतं. बरोबरला चार मार्क, चुकलं की एक वजा.’’

मुलीने खाली बघायला सुरुवात केली.

यानंतर फाइल उघडली. डोमिसाइलच्या झेरॉक्स, आधारच्या झेरॉक्स, कुणाकुणाच्या कट-ऑफच्या याद्या, त्यांवर हिरव्या पेनाने केलेली आकडेमोड. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. 2020 साली राज्यातल्या मेडिकलच्या जागांचा सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा (सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, तीस बाकीच्यांना) गेला तेव्हा कुणाचं भलं झालं, 2024 ला आधी 67 जणांना 720 पैकी 720 कसे पडले आणि पुढे सुधारित निकालात ते 17 कसे उरले. ‘‘आता 720 चीसुद्धा गॅरंटी राहिली नाही, वहिनी,’’ ते म्हणाले. थोरल्याला किती पडले हे मी विचारलं नाही. मलाही थोडी माणुसकी आहे.

‘‘मग आज धाकट्यासाठी आलात?’’

‘‘हो. फाउंडेशनला टाकतोय.’’

‘‘तो दिसत नाही कुठे?’’

‘‘शाळेत आहे. आठवीत.’’

‘‘आठवीत!’’

‘‘उशीरच झाला. सहावीत टाकतात लोक.’’

‘‘त्याला काय वाटतं?’’

‘‘कशाबद्दल?’’ त्यांनी विचारलं, आणि खरोखर उत्तराची वाट बघत राहिले.

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. आत टाय लावलेला एक मुलगा बसला होता. चोवीस-पंचवीसचा असेल. त्याला सगळे ‘सर’ म्हणत होते आणि तो मला ‘मॅम’. मी खुर्ची ओढली, तर त्याने माझ्या मागच्या दाराकडे बघितलं. ‘‘सर पार्किंगला आहेत का?’’

‘‘सर कामावर आहेत. तुम्ही मला सांगा.’’

‘‘नाही मॅम, डिसिजन मेकर असले की बरं पडतं. फीचा विषय असतो.’’

घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. विम्याचा जातो, मुलीच्या शाळेची फी दहा वर्षं गेली. हे सगळं तोंडाशी आलं होतं. पण मुलगी शेजारी बसलेली, तिने टेबलाखालून माझा हात दाबला. मी फोन लावला. पलीकडे मशीनचा आवाज. ‘‘अगं, मला काय त्यातलं कळतं? तू बघ,’’ एवढं बोलून साहेबांनी फोन ठेवला.

‘‘सर म्हणतायत, तू बघ,’’ मी सांगितलं.

टायवाल्याचा चेहरा उजळला. ‘‘ओके, मग सरांची परमिशन आहे!’’

फी दोन वर्षांची साडेतीन लाखांच्या वर. पण मुलीचे टक्के चांगले, म्हणून 40 टक्के स्कॉलरशिप. आज भरली तर. उद्या 25. म्हणजे रात्रीतून माझी मुलगी पंधरा टक्क्यांनी मंद होणार होती. मग त्याने मुलीला विचारलं, ‘‘डॉक्टरच व्हायचं ना?’’

‘‘वाटतंय,’’ ती म्हणाली.

‘‘वाटतंय म्हणून चालत नाही बेटा. ठरवायला लागतं. ठरलेली मुलं एम्स बॅचला, बाकीची जनरलला.’’

‘‘आणि हजेरी?’’ मी विचारलं. ‘‘कॉलेज तर चाळीस किलोमीटरवर आहे.’’

‘‘तिकडचं आम्ही बघतो.’’

‘‘प्रॅक्टिकल?’’

‘‘तिकडचं आम्ही बघतो, मॅम. तीसपैकी तीस.’’

हे ‘तिकडचं’ मला अजून खुपतंय. बारावीला पाऊणशे टक्के हजेरीचा नियम आहे. असल्याच जोडधंद्याला आळा घालायला 2018 साली सरकारने कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. तरी हे राजरोस चाललंय आणि वर पावती मिळतेय. जी मुलं उद्या माणसाच्या पोटाला सुरी लावणार, त्यांनी दोन वर्षांत हातात साधा चिमटा धरलेला नसतो, कारण नीटला चिमटा येत नाही. बोर्डाकडेही कुणी बघत नाही, कारण मेडिकलला खुल्या वर्गाला पीसीबीत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोत मिळून, 50 टक्के पुरतात. वर्ग-मैत्रिणी, कँटीन, गॅदरिंग, तास बुडवून टेकडीवर जाणं, हे सगळं ‘तिकडचं’. ते कोण बघणार? आणि जी लाखभर भरू शकत नाहीत, ती मुलं? त्यांचं कौन्सेलिंग कुणीच करत नाही, निदान अ‍ॅप्रन घालून फोटो तरी काढत नाहीत. असो. विनोदी लिहायला बसले होते.

जुन्या कॉलेजात उलटी तऱ्हा. तिथे ‘सर आले का’ असं कुणी विचारलं नाही, कारण आम्ही आलोय हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता ‘वेबसाइटवर बघा’ म्हटलं. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांना थँक्यू म्हणाले. बायोची लॅब बघायची म्हटल्यावर एक शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाले. आत फॉर्मलिनचा नाकाला झोंबणारा वास, कपाटात पिवळट बरण्या, एकीत तारामासा, एकीत पट्टकृमी, लेबलांवरची शाई उडालेली. कोपऱ्यात तारेला लटकवलेला सांगाडा. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती.

‘‘बोटं कुठे गेली?’’ मुलीने विचारलं.

‘‘गॅदरिंगला नाटकात नेलावता. तिकडून आला तो असा.’’

मुलगी त्या सांगाड्याच्या मनगटाची हाडं मोजत उभी राहिली. खाली बघत नव्हती, घाई करत नव्हती. आठ भरली तेव्हा तिने पुन्हा एकदा मोजली.

मी मामांना हळूच विचारलं, ‘‘बायोच्या तासाला मुलं येतात ना?’’

‘‘येतात की ताई. पयल्या आठवड्यात लय येतात.’’

‘‘आणि नंतर?’’

‘‘नंतर क्लासला जातात समदी. मंग येतात परीक्षेला. म्याडम येतात रोज, फळा पुसतात, बसतात जरा.’’ त्यांनी खिडकी लावून घेतली. ‘‘तुमची पोरगी आली तर बरं व्हईल. म्याडमला बोलायला कुणीतरी.’’

पहिल्या ओळीत तेच कॉलेज टाकलंय. मुलीने स्वतः टाकलं. पुढच्या बाकावर जागा नक्की मिळेल म्हणाली. आता संध्याकाळचा क्लास तेवढा शोधायचा राहिलाय, कारण एकट्या म्याडमच्या भरवशावर नीट निघत नाही हे मलाही कळतं. त्या चौकशीला मी जाणार नाही. सरांना पाठवणार आहे.