जिल्हा मोडावा कसा: होतकरू साहेबांसाठी फुकट सल्ला

समजा उद्या तुमच्या हातात नकाशा, लाल पेन आणि विधानसभेतलं बहुमत एकदमच आलं, तर नुसते बसून राहाल का? छे छे. एखादा जिल्हा मोडा. पण मोडायचा तर असा मोडा की पन्नास वर्षांनी कुणीतरी बाई एका खिडकीसमोर फाइल घेऊन घामाघूम उभी राहिली पाहिजे. ती बाई म्हणजे मीच, तेव्हा सल्ला अनुभवाचा आहे.

आधी जिल्हा जुना निवडा. कालपरवाचा मोडण्यात काय मजा? आमचा जर्मनीतला वेट्झलार जिल्हा घ्या. 1816 साली प्रशियाने केलेला, र्‍हाइन प्रांतातला, कारभार लांब कोब्लेन्ट्सहून, आणि चहूबाजूंनी दुसऱ्यांची राज्यं. शेजारचं गीसन जेमतेम पंधरा किलोमीटरवर, पण ते हेसेनच्या ग्रँड ड्यूकचं. म्हणजे भाजी आणायला गेलं की परराज्य! 1932 साली कुणीतरी शेवटी नकाशा नीट बघितला आणि जिल्हा हेसेन-नासाउ प्रांतात टाकला. गावाचा तोराही काही कमी नाही. जुन्या जर्मन साम्राज्याचं सर्वोच्च कोर्ट इथे शंभरावर वर्षं होतं, तरुण कवी गटे 1772 साली तिथे उमेदवारी करायला आला होता, 1925 साली जगापुढे आलेला लायका कॅमेरा इथल्याच कारखान्यातला. गावच्या डोमचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, बांधकाम तेराव्या शतकात सुरू झालं ते अजून पूर्ण नाही, एक मनोरा आहे आणि दुसऱ्याचा नुसता बुंधा. तर अशी ही माणसं, अर्धवट गोष्टसुद्धा सातशे वर्षं सांभाळणारी. यांचाच जिल्हा मोडायचा.

लोकांना विचारू नका. विचारलं की ते सांगतात.

मग नाव. दोन शहरं एकत्र करताना दोघांचंही नाव घेऊ नका, म्हणजे दोघांनाही सारखाच राग येतो, यालाच समान न्याय म्हणतात. हेसेन राज्याच्या साहेबांनी 1 जानेवारी 1977 ला वेट्झलार, गीसन आणि आजूबाजूची चौदा गावं एकत्र करून दीड लाखाच्या वर वस्तीचं एक शहर केलं आणि त्याला मधून वाहणाऱ्या नदीचं नाव दिलं, लान. झालं शहर! पुणं आणि पिंपरी-चिंचवड एक करून त्याला ‘मुळा’ म्हणा, मग बघा काय होतं. शंभरावर वर्षं वेगवेगळ्या राज्यांत राहिलेली शहरं, एक युनिव्हर्सिटीचं, एक कारखान्यांचं, दोघांचं एकमेकांशी कधी धड जमलं नाही, पण नकाशावर जवळजवळ दिसतात ना, मग लावा लग्न. उरलेला वेट्झलार जिल्हा, गीसन जिल्हा आणि डिलचा जिल्हा मिळून लान-डिल जिल्हा. त्या काळात पश्चिम जर्मनीत चारशेच्या वर जिल्हे होते त्यांचे अडीचशेच्या आत आले, तेव्हा आपलाच का म्हणून रडायचं नाही.

गाडीच्या नंबरप्लेटला मात्र हात घालाच. माणूस एकवेळ जिल्हा विसरेल, प्लेट विसरत नाही. वेट्झलारची डब्ल्यूझेड गेली, एल आली. माझे सासरे तेव्हापासून जे चिडलेत ते अजून चिडलेलेच. 1979 ला शहर मोडलं, गीसनवाल्यांना त्यांची जीआय परत मिळाली, आमच्याकडे एलच. 1990 मध्ये देश एक होत होता, एल पूर्वेकडच्या लाइपझिग शहराला हवा, म्हणून आम्हाला एलडीके. 2012 मध्ये सांगितलं, हवी तर जुनी डब्ल्यूझेड घ्या. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतली, स्क्रू स्वतः पिळले, आणि सासूबाईंना बाहेर बोलावून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं, आता आत या, सूप गार होतंय."

हो, शहर मोडलं. हे सांगायचं राहिलंच. मार्च 1977 मध्ये लोकांना पहिल्यांदा मत द्यायला मिळालं तेव्हा त्यांनी सत्ताधारी एसपीडी पक्षाला असा हिसका दिला की 31 जुलै 1979 ला लान नावाचं शहर संपलं. एकतीस महिने. आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा याहून जास्त वेळ दुरुस्तीत होती.

आणि इथेच माझा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: या एकतीस महिन्यांत जन्मलेल्या पोरांचं पुढे काय, याचा विचार अजिबात करू नका. माझा नवरा 1978 चा. पासपोर्टवर जन्मस्थळ, लान. आता हे रोमन लिपीत कसं लिहितात? एल, ए, एच, एन. गेल्या महिन्यात त्याचे भारताचे काही कागद करायचे होते, तर खिडकीतले साहेब, नशिबाने मराठी, त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं, "जन्मस्थळ... लहान?" मी म्हटलं हो. म्हणजे नाही, लान. ते म्हणाले, "मॅडम, सगळे लहानच जन्माला येतात, गावाचं नाव सांगा."

हसले मी. खरंच हसले. त्यानंतर नाही हसले. ऑनलाइन फॉर्मच्या यादीत लान नाही, गीसन टाकलं तर पासपोर्टशी जुळत नाही, जुळत नाही म्हणून अर्ज परत. असं शहर आहे असं पत्र आणा म्हणाले. इथल्या जर्मन ऑफिसात गेले तर बाई म्हणाल्या की असं शहर आहे असं पत्र देता येणार नाही, कारण ते नाहीये. मग होतं असं द्या. त्यासाठी दुसरा विभाग. दुसऱ्या विभागाने सांगितलं की अर्जात शहराचं आताचं नाव लिहा. आताचं नाव! अहो ते दोन शहरांत आणि कितीतरी गावांत विरघळलंय, कुठलं लिहू? चार फेऱ्या, दोन रजा, एक नोटरी, आणि फाइल अजून "प्रोसेसमध्ये" आहे.

बस झालं आता. नकाशावर रेघ मारायची हौस आली, मारलीत, पुसलीत, निवडणूक हरलात, पेन्शनी घेतल्यात. त्या रेघेखाली जे दवाखान्यात जन्मले त्यांच्या दाखल्यावर "आता गीसन" एवढे दोन शब्द छापायचं तुमच्यापैकी एकालाही सुचलं नाही? आणि खिडकीतले साहेब, तुम्हीपण. तुमच्याकडे कागद आहे, शिक्का आहे, खरा पासपोर्ट समोर आहे, जिवंत माणूस समोर उभा आहे सहा फुटाचा, तरी तुमचा विश्वास कशावर, तर त्या यादीवर! यादी कुणी केली, कधी केली, देव जाणे. त्या यादीच्या तळाशी ‘इतर’ असा एक पर्याय टाकायला किती खर्च येतो हो तुम्हाला?